तळघरातली मोटार आणि सारखा पडणारा आरसीसीबी: हिंदवाडीतलं एक प्रकरण

बेळगावात पुनर्वसूचा तरणा पाऊस सरून पुष्याचा म्हातारा पाऊस लागला, की मोटार रिवायंडिंगच्या दुकानात शेतीच्या मोटारी येणं थांबतं आणि तळघरातल्या मोटारी यायला लागतात. हे प्रकरण त्यातलंच. घर हिंदवाडीकडचं, नव्वदच्या दशकात बांधलेलं. खाली सात फूट खोल तळघर. त्यात दोन गाड्या, तांदळाची पोती आणि जुनं सामान. परसात विहीर. उन्हाळ्यात तिचा तळ दिसतो आणि जुलैअखेर पाणी जमिनीपासून पाच फुटांवर येतं. विहीर पाच फुटांवर आणि तळघराची फरशी सात फुटांवर, म्हणजे पाणी आत येणार की नाही हा प्रश्नच उरत नाही. ते किती वेगानं येणार, एवढंच बघायचं.

त्यासाठी कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांचा, तीन फूट खोल खड्डा केलेला. खड्ड्यात अर्धा एचपीची सिंगल फेज बुडती मोटार, तिला फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की मोटार चालू आणि उतरलं की बंद करणारा तरंगता स्विच. तिथून दीड इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप जिन्याच्या कठड्याला क्लँप करून बारा फूट वर नेलेला आणि पुढे पस्तीस फूट आडवा गटारीपर्यंत. आमच्याकडे अशा घरांत दोन खड्डे असतात. नळाला रोज पाणी नसल्यामुळे राकसकोप-हिडकलचं पाणी आलं की भरून ठेवायचा संप पुढच्या अंगणात, आणि पाझराचा हा खड्डा तळघरात. दोन्हींचा घोळ होऊ नये म्हणून आधीच सांगून ठेवतो.

त्या घरच्या काकूंची तक्रार अशी: "मोटारीचं बटण टाकलं की सगळ्या घरचा करंट जातंय बघा. फ्रिज बंद, टीव्ही बंद. नाही टाकलं तर खाली पाणी चढतंय. आम्ही करायचं काय की?"

काकांची वेगळी: "गेल्या वर्षी बरी होती की वो. यंदा सारखी चालू-बंद, चालू-बंद. नंतर नंतर नुसतीच घुं करत बसायची."

या दोन तक्रारी दोन वेगळ्या माणसांनी केल्या म्हणून दोन वेगळे बिघाड आहेत, असं समजायचं कारण नाही. काकूंनी सांगितलं ते शेवटचं टोक होतं आणि काकांनी सांगितलं ते सुरुवातीचं. मधली साखळी शोधायची होती.

आधी जीव, मग मोटार

मी गेलो तेव्हा तळघरात घोटाभर पाणी होतं आणि मोटार चालू होती. करंट मात्र गेला नव्हता. हेच बघून पोटात गोळा आला. बोर्ड उघडला तर कोणीतरी मोटारीची वायर आरसीसीबीच्या (करंट कुठे गळला की लाईन तोडणाऱ्या स्विचच्या) आधीच, थेट मेनवरून घेतलेली. करंट जातोय ना, मग जाणारी वस्तूच मधून काढून टाकू, असा तो हिशोब. काका त्या पाण्यात अनवाणी उतरून कठड्याला धरून उभे राहत आणि "जरा झिणझिण्या येतात, पण चालतंय" असं म्हणत. कोणत्याच अर्थानं ते चालत नव्हतं.

मेन बंद केला, कटआउटची (फ्यूजची) ग्रिप काढून स्वतःच्या खिशात घातली. घरात चार माणसं असतात, कोणीतरी "अंधार झालाय" म्हणून मेन ओढतंच. ग्रिप मिस्त्रीच्या खिशात असेल तर ओढून काही होत नाही. बोर्डावर टेस्टलॅम्प लावून फेज मेल्याची खात्री केली आणि मगच पाण्यात पाय घातला. मोटार वर घेताना दोरीनं घेतली, केबल धरून नाही. केबल धरून ओढली की वरचा प्लास्टिकचा कोन सैल होतो आणि पाणी तिथून आत शिरायला लागतं. पुष्कळ चांगल्या मोटारी अशा ओढूनच मेलेल्या असतात.

एमसीबी आणि आरसीसीबी यांतला फरक इथे कामाचा होता. शॉर्ट झालं किंवा लोड वाढला की एमसीबी पडतो. आरसीसीबी बघतो ते इतकंच, की फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं पुरता परत आला का. फरक पडला तर तो पडतो. काकूंच्या घरी एमसीबी एकदाही पडला नव्हता आणि मोटार फिरायला लागायच्या आधीच, नुसतं बटण टाकल्यावर, आरसीसीबी पडत होता. म्हणजे बिघाड लोडचा किंवा शॉर्टचा नव्हता, गळतीचा होता. शिवाय पाणी कमी असताना बटण टाकलं तर काही होत नसे. पाणी चढलं की पडायचा. त्यामुळे जेव्हा मोटारीची खरी गरज तेव्हाच करंट जायचा, आणि वैतागून माणूस बायपास करतो तो याच वेळी.

बोर्डाकडून केबल सोडवली, फेज-न्यूट्रल एकत्र धरून अर्थिंगशी मेगर केला, म्हणजे इन्सुलेशन किती चांगलं ते मोजलं. रीडिंग ०.०१ मेगओहम, म्हणजे दहा हजार ओहम. २३० व्होल्टला दहा हजारानं भागा, २३ मिलिअँपियर येतात. घरचा आरसीसीबी ३० मिलिअँपियरचा. असा आरसीसीबी ३० ला पडलाच पाहिजे आणि १५ च्या खाली पडता कामा नये; मधल्या पट्ट्यात तो त्याच्या मर्जीनं पडतो. त्यात फ्रिज, वॉशिंग मशीन यांची आपापली थोडी गळती मिळाली की झालं. आज पडला, काल नव्हता पडला, यात भुताटकी काही नाही.

खड्ड्याच्या कडेला, फरशीच्याच पातळीवर, वरून आलेली केबल आणि मोटारीची केबल यांचा जॉइंट होता. वर काळी इन्सुलेशन टेप. टेप सोडवली तर आतून पाणी निथळलं, तांब्यावर हिरवट गंज चढलेला आणि फेज-न्यूट्रलच्या मध्ये कोळशासारखी काळी रेघ. तिसरी, हिरवी तार जोडलेलीच नव्हती. वळवून बाजूला ठेवलेली. त्यामुळे मोटारीच्या अंगाला अर्थिंग नाही, अंगाला जीआय पाईप, पाईप कठड्याला. काकांच्या झिणझिण्यांचा रस्ता हा होता.

जॉइंट कापून टाकला आणि तुकडे वेगवेगळे मेगर केले. वरची केबल चांगली. फ्लोटही इन्सुलेशनला चांगला. मोटार मात्र ०.४ मेगओहम. एवढ्यानं आरसीसीबी पडत नाही, अर्ध्या मिलिअँपियरच्या आसपास गळती होते, पण निदान एक मेगओहम तरी पाहिजे. जॉइंट बदलून मी निघून गेलो असतो तर काकूंचा करंट जायचा थांबला असता, आणि पुढच्या पावसात मोटार जळून आली असती.

मोटार टेबलावर

वायंडिंग आधी मोजलं. रनिंग १२ ओहम, स्टार्टिंग २१, दोन्ही टोकांवर ३३. बेरीज जुळते म्हणजे कॉइल तुटलेली नाही. कपॅसिटरवर १० मायक्रोफॅरड छापलेलं, मीटरवर ५.८. फ्लोटचे काँटॅक्ट इन्सुलेशनला ठीक असले तरी जळून खड्डे पडलेले. हलवलं की कधी लागत, कधी नाही.

खालची जाळी काढली. इम्पेलरला, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्राला, तांदळाच्या पोत्याचा प्लास्टिक धागा असा गुंडाळलेला की ब्लेडनं कापून काढावा लागला. तो धागा इम्पेलरच्या मागे, शाफ्टवर, पाणी आत येऊ न देणाऱ्या सीलच्या थेट तोंडात गेलेला. तेलाच्या चेंबरचा बोल्ट सोडला तर तेल ताकासारखं पांढरं होऊन आलं. पाणी सीलमधून तेलात आणि तेलातून वायंडिंगकडे. ०.४ चा हिशोब लागला.

आता काकांची तक्रार. सारखी चालू-बंद का? याचं उत्तर मोटारीत नव्हतंच, पाईपमध्ये होतं. मोटारीच्या वर दोन फुटांवर बसवलेला पितळी एनआरव्ही, म्हणजे चढलेलं पाणी परत खाली येऊ न देणारा व्हॉल्व्ह, उघडला. आतली झडप सिमेंटच्या मसाल्याच्या एका खड्यावर अडकून उघडीच राहिलेली. खडा करंगळीच्या नखाएवढा. वर गिलाव्याचं काम झालं होतं, त्यातला असावा.

झडप मिटत नाही म्हणजे काय होतं, ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. उभा-आडवा मिळून सत्तेचाळीस फूट दीड इंची पाईपमध्ये साधारण १९ लिटर पाणी मावतं. आडव्या पाईपचा उतार गटारीकडे असता तर त्यातलं बरंचसं तिकडे गेलं असतं. इथे उतार उलटा, घराकडे. मोटार थांबली की सगळे १९ लिटर खड्ड्यात परत. दोन बाय दोनच्या खड्ड्यात एक इंच म्हणजे सव्वानऊ-साडेनऊ लिटर, म्हणजे दोन इंच पाणी काही सेकंदांत परत चढतं. आणि फ्लोटची दोरी कोणीतरी केबल-टायनं आखूड बांधलेली, चालू आणि बंद यांत फरक अवघा तीन इंच. मोटार २८ लिटर उचलायची, त्यातले १९ खाली यायचे, आणि उरलेला एक इंच त्या दिवसांतल्या पाझरानं मिनिटभरात भरायचा. परत चालू. तासाला चाळीसच्या वर स्टार्ट होत असणार. एवढ्या लहान मोटारीला तासाला पंधरा-वीस म्हणजेच पुष्कळ झाले.

दर स्टार्टला मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते. फ्लोटचे काँटॅक्ट त्यानं जळले, कपॅसिटर उतरत गेला. कपॅसिटर उतरला की सुरुवातीचा जोर कमी. त्यात संध्याकाळी त्या गल्लीत व्होल्टेज १८० पर्यंत खाली येतं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं बदलतो. २३० ऐवजी १८० मिळाले तर जोर रुपयातल्या दहा आण्यांवर येतो, नेमकं सांगायचं तर ६१ टक्के. शाफ्टला धागा गुंडाळलेला, कपॅसिटर अर्धा, व्होल्टेज कमी. मोटार घुं करत बसते ती अशी. करंट मोजायचा टाँगटेस्टर लावला असता तर प्लेटवरच्या सव्वातीन अँपियरऐवजी नऊ-दहा दिसले असते. मग आतलं थर्मल प्रोटेक्शन तिला बंद करतं, गार झाली की परत सोडतं, परत घुं. तोवर पाणी खड्ड्याबाहेर आलं, जॉइंट बुडला आणि आरसीसीबी पडला.

एका खड्यापासून वायरिंगपर्यंत सगळं सरळ रेषेत लागतं. म्हणून "नवीनच घालून टाकूया की" हा काकांचा आग्रह मी मानला नाही. नवीन मोटार त्याच अडकलेल्या झडपेखाली, त्याच आखूड फ्लोटवर बसली असती. ज्या गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं आणि तिथून पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली, त्या गावात आजही उद्यमबागेत हवं ते ओतून आणि हवं ते खरादून मिळतं. मोटार फेकून देण्याइतकं तिला काही झालं नव्हतं.

दुरुस्तीआधी एक शंका

पाणी खरंच विहिरीच्या बाजूचं आहे, की अंगणातला नळाचा संप गळतोय? तळघराची पुढची भिंत संपापासून जेमतेम सहा फुटांवर. रात्री संपात येणारा व्हॉल्व्ह आणि वरच्या टाकीची मोटार बंद ठेवायला सांगितली, संपाच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेघेला खडूनं खूण केली. सकाळी पाणी खुणेवरच. संप निर्दोष सुटला. ही परीक्षा फुकटात होते आणि ती न करता लोक तळघराला हजारो रुपयांचं वॉटरप्रूफिंग करून बसतात.

फरशीला एक लांब तडा होता, पाणी तिथून वर येत होतं. हे असं का, तेही काकांना दाखवलं. बाहेरचं पाणी फरशीच्या दोन फूट वर उभं आहे. दोन फूट पाणी म्हणजे फरशीच्या दर चौरस मीटरला खालून सुमारे ६०० किलोचा रेटा. चार इंची काँक्रीटचं स्वतःचं वजन २४० किलो. फरशी वर उचलली जाऊन फुटणार नाही तर काय होईल? म्हणून तळघर भरलेलं असताना मोठा पंप आणून तासाभरात कोरडं करायची हौस बरी नव्हे. आतलं पाणी फरशीला खालच्या रेट्याविरुद्ध दाबूनही धरत असतं. आणि त्याच कारणानं त्या तड्यात वरून सिमेंट भरण्यात अर्थ नव्हता. खालचा रेटा कायम असताना ते टिकत नाही. तड्यातून खड्ड्याकडे एक पन्हाळ काढून दिली, पाणी फरशीभर न पसरता सरळ खड्ड्यात जायला लागलं.

काय बदललं

मोटारीत सील, तेल, कपॅसिटर, नवीन फ्लोट. वायंडिंग भट्टीत वाळवलं, मेगर ०.४ वरून साठच्या वर गेला. बेअरिंग हातानं फिरवून बघितल्या, आवाज नाही, तशाच ठेवल्या. केबल तीन कोअरची, एकाच लांबीची, मोटारीपासून बोर्डाजवळच्या भिंतीपर्यंत अखंड. जॉइंट छातीएवढ्या उंचीवर पाणी न शिरणाऱ्या डब्यात. हिरवी तार जोडली आणि मोटारीच्या अंगापासून अर्थिंगच्या पट्टीपर्यंत सलगता मीटरवर तपासली. पाईप कठड्यावरून काढून भिंतीला घेतला.

बायपास काढून मोटारीला मेनवरून वेगळा, स्वतःचा ३० मिलिअँपियरचा दोन पोलचा आरसीसीबी दिला. यावर वाद झाला. काकांचं म्हणणं, एक आहे तर दुसरा कशाला? कारण हे की, मोटारीत उद्या परत गळती झाली तर फक्त मोटारीचा पडेल. फ्रिज आणि देवघरातला दिवा चालू राहील, आणि कोणाला बायपास सुचणार नाही. दोन पोलचा यासाठी, की साध्या बटणानं फक्त फेज तुटतो. न्यूट्रलला गळती असेल तर मोटार बंद असतानाही, वर मिक्सर लावला की घरचा आरसीसीबी पडू शकतो. हे न कळल्यामुळे मिक्सर दुकानात दुरुस्तीला गेलेले मी बघितलेत.

मोटार खड्ड्याच्या गाळात न ठेवता दोन विटांवर ठेवली, भोवती जाळी. फ्लोटची दोरी मोकळी केली. आता चालू-बंदमधला फरक फूटभर, म्हणजे एका खेपेला ११० लिटरच्या वर. आडव्या पाईपचे क्लँप बदलून उतार गटारीकडे केला. नवीन एनआरव्ही युनियनसकट (पान्यानं सुटणाऱ्या जोडासकट) बसवला, म्हणजे दर वर्षी मिरगाआधी दोन पान्यांनी उघडून बघता येईल.

इथे एक गंमत झाली. सगळं जोडून मोटार चालू केली. आवाज गोड, करंट कमीच, १.९ अँपियर, आणि गटारीत एक थेंब नाही. कडोलीचा पोरगा माझ्याबरोबर आला होता, तो म्हणाला, "इम्पेलर उलटा लागला काय?" सिंगल फेजला ते होत नाही, कपॅसिटरच्या वायरी चुकल्याशिवाय. आणि मोटार पाणी ढकलत असती तर करंट चढला असता. कमी करंट म्हणजे इम्पेलर रिकामा फिरतोय. हवा धरली होती. खड्डा पूर्ण उपसलेला, मोटारीत हवा, वर नवीन झडप घट्ट मिटलेली. खालच्या हवेला जायला वाटच नाही. जुनी झडप उघडी होती तेव्हा हा त्रास कधी झाला नसणार, त्यामुळे घरच्यांनी नवीन मालालाच नाव ठेवलं असतं. मोटार आणि एनआरव्ही यांच्या मधल्या तुकड्याला चार मिलिमीटरचं भोक पाडलं, तोंड खाली तिरकं, खड्ड्याच्या आतच. परत चालू केली. भोकातून आधी फुसफुस, मग पाण्याची बारीक धार, आणि मीटरचा काटा तीन अँपियरवर. पोरगा गटारीकडून ओरडला, "आलं!" मोटार चालताना ती बारीक धार खड्ड्यातच पडत राहते. ती गळती समजून कोणी एम-सील लावू नये म्हणून पाईपवर रंगानं बाण काढून ठेवलाय.

नंतरच्या जोराच्या पावसात काकांनी घड्याळ लावून बघितलं. पूर्वी मिनिटाला मोटार लागायची तिथे आता बारा-तेरा मिनिटांनी लागते आणि मिनिटभर चालते. तासाला चार-पाच स्टार्ट. विहिरीत पाणी तिसऱ्या पायरीखाली गेलं की लागतच नाही, हेही त्यांनीच शोधून काढलं.

करंट गेल्यावर काय, हे अजून सुटलेलं नाही. एक इंच मिनिटाला या हिशोबानं फूटभर खड्डा भरायला बारा मिनिटं, आणि वारा-पावसात करंट अर्धा-अर्धा तास येत नाही. घरच्या इन्व्हर्टरला ही मोटार स्टार्टला झेपत नाही, लावून बघितली तर तो ओरडून बंद पडतो. मोठा इन्व्हर्टर किंवा बॅटरीवर चालणारा छोटा दुसरा पंप, असे दोन रस्ते त्यांना सांगितलेत. काका पंपाकडे झुकलेत, काकू म्हणतात आधी तांदळाची पोती वर हलवा. पोती हलवलीत. दुसऱ्या फ्लोटवर बॅटरीची घंटा तेवढी बसवून दिली आहे, फरशीच्या चार इंच खाली पाणी आलं की वाजते.